जागेवाल्याचा हक्क

इ.स. १५०० च्या मार्चमध्ये लिस्बनहून तेरा जहाजांचा ताफा हिंदुस्थानाकडे निघाला. कप्तान होता पेद्रो आल्वारिश काब्राल. आफ्रिकेला वळसा घालण्यासाठी वारा धरता धरता हा ताफा पश्चिमेला इतका सरकला की एप्रिलमध्ये त्याला आजच्या ब्राझीलचा किनारा लागला. तिथे तुपी लोकांची वस्ती होती. पोर्तुगीजांनी त्यांच्यासमोर लाकडी क्रूस उभारला, मिस्सा साजरी केली, राजाला खबर द्यायला एक जहाज माघारी धाडले आणि पूर्वेची वाट धरली. वाटेतल्या वादळात काही जहाजे बुडाली. उरलेली ऑगस्टमध्ये कारवारसमोरच्या अंजदीव बेटाशी थांबली आणि तिथून कालिकतला गेली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे जे झाले ते आपल्याशी संबंध नसलेले, सातासमुद्रापलीकडचे प्रकरण आहे, असे मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर बसून वाटू शकते. पण त्या लोकांच्या दारात आणि आपल्या दारात एकाच फेरीत, एकाच हुकमाने तीच माणसे आली होती. दहा वर्षांनी आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतला, आणि तुपींसमोर जो प्रश्न उभा राहिला तो कोकणी माणसासमोरही उभा राहिला. त्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. एखाद्या जमिनीवर राहणाऱ्यांचा देव ‘खरा’ नसेल, तर त्या जमिनीवरचा त्यांचा हक्क उणा होतो का? आणि ज्यांचा देवच त्या जमिनीत आहे त्यांची जमीन काढून घेतली, वर ‘पूजा खुशाल करा’ म्हटले, तर त्यांना धर्मस्वातंत्र्य मिळाले असे म्हणता येईल का? माझे म्हणणे असे की पहिल्या प्रश्नाचे उत्तर जगाने उशिरा का होईना दिले. दुसऱ्याला मात्र ते अजून बगल देत आले आहे, आणि अन्यायाचे मूळ त्या दुसऱ्यातच आहे.

पहिल्या प्रश्नामागे कागदपत्रे आहेत. १४५५ मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे ख्रिस्तीतर मुलूख जिंकण्याचा आणि तिथल्या माणसांना गुलाम करण्याचा अधिकार फर्मानाने दिला. कोलंबस परतल्यावर, १४९३ मध्ये, पोप अलेक्झांडर सहावे यांनी अटलांटिकात एक रेघ ओढून पलीकडचे सारे स्पेनच्या पदरात टाकले. पुढच्याच वर्षी तोर्देसिल्यासच्या तहात दोन्ही राजांनी ती रेघ केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगांवर नेली. ब्राझीलचा पूर्वेकडचा भाग आणि इकडे कोकण, दोन्ही पोर्तुगालच्या वाट्याला आले. वाटणी झालेल्यांपैकी कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. स्पेनने १५१३ मध्ये तर एक जाहीरनामाच तयार केला. नव्या गावासमोर तो स्पॅनिशमध्ये वाचून दाखवायचा. पोप आणि राजा यांची सत्ता मान्य करा. न केल्यास लढाई होईल, बायकामुले गुलाम होतील आणि त्यात जे मरतील त्यांच्या मरणाचा दोष तुमचाच, असा त्याचा मथितार्थ. ऐकणाऱ्याला भाषा कळो न कळो, कधी ऐकणारा समोर असो नसो, वाचन झाले की लढाई धर्म्य ठरे. यातली कायद्याची कारागिरी क्रूर आहे खरी, पण तिच्या मुळाशी एक सरळ समीकरण आहे: सत्य ज्याच्याकडे, जमीन त्याची.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. त्या काळी सगळेच असे मानत होते, आजच्या मापाने कालच्या माणसाला का मोजायचे? पण सगळेच तसे मानत नव्हते. १५११ च्या डिसेंबरात हिस्पानिओला बेटावर आंतोनिओ दे मोंतेसिनोस या डोमिनिकन धर्मगुरूने चर्चमध्ये स्पॅनिश वसाहतवाल्यांना तोंडावर विचारले, की या माणसांना तुम्ही कोणत्या हक्काने राबवता. १५३७ मध्ये पोप पॉल तिसरे यांनी, अमेरिकेतले लोक माणसेच आहेत आणि ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावता येत नाही, असे जाहीर केले. १५३९ मध्ये सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरियाने व्याख्यानांतून मांडले, की पोप हा जगाचा ऐहिक धनी नाही, श्रद्धा नसल्याने कोणाची मालकी जात नाही, आणि शोध लागला म्हणून हक्क मिळत असेल तर त्यांनी आपला शोध लावला असता तरी तो तितकाच मिळाला असता. १५५०-५१ मध्ये वायादोलिद इथे बार्तोलोमे दे लास कासास आणि हुआन खिनेस दे सेपुलवेदा यांचा याच प्रश्नावर राजाच्या आदेशाने वाद झाला. म्हणजे हे माप आजचे नाही. त्याच धर्माच्या, त्याच शतकातल्या माणसांनी ते हातात धरले होते. सत्तेने ते बाजूला ठेवले, इतकेच. पुढे तर ते समीकरण धर्माचे कपडे उतरवून कायद्याच्या कपड्यांत आले. १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी ठरवले, की ख्रिस्ती राष्ट्रांनी लावलेल्या शोधामुळे जमिनीची अंतिम मालकी त्यांच्याकडे आली आणि मूळ रहिवाशांकडे राहिली ती फक्त वहिवाट. २००५ सालच्या एका निकालातही या सिद्धांताचा हवाला दिला गेला. व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी तो अधिकृतपणे नाकारला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे सुमारे पाचशे वर्षांनी आले.

आता दुसरा प्रश्न. तो समजायला सिंधुदुर्गातले कुठलेही गाव पुरे. देवळासमोर गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा घालणारा घाडी किंवा गावकर देवाला उद्देशून जे बोलतो, त्यात तत्त्वज्ञानाचे चकार वाक्य नसते. असते ती यादी. सातेरी, पावणाई, रवळनाथ, गांगो, पूर्वस, बारा-पाचाचा मेळा, सीमेवरचा देवचार, त्या त्या ठिकाणचा जागेवाला. मग कोणाच्या घरचे काय दुखणे, कोणाची मुंबईतली नोकरी, कोणाचे अडलेले लग्न हे सांगून त्या सर्वांनी मिळून मार्गी लावावे अशी विनवणी, आणि प्रत्येक तुकड्यामागून जमलेल्यांचा ‘व्हय म्हाराजा’. ही यादी म्हणजे गावाचा नकाशा आहे. सातेरी आहे ती वारुळात. तिथली माती हीच ती. देवरहाटीतले झाड कौल घेतल्यावाचून तुटत नाही. देवचाराची हद्द गावाच्या हद्दीशी संपते आणि पलीकडचा देवचार वेगळा. अशा धर्मात ‘तुमचा देव कोणता’ हा प्रश्न ‘तुमचे गाव कोणते’ या प्रश्नापासून सुटा काढता येत नाही. मुंबईच्या चाळीत तीन पिढ्या काढलेला माणूस जत्रेला आंगणेवाडीला किंवा आरवलीला येतो तो हौसेने येतो हे खरे, पण त्याचा भराडीशी किंवा वेतोबाशी असलेला व्यवहार दुसरीकडे पुरा होत नाही म्हणूनही येतो. स्टँडिंग रॉक सू जमातीतले विचारवंत व्हाइन डेलोरिया (धाकटे) यांनी १९७३ मध्ये आपल्या ‘गॉड इज रेड’ या ग्रंथात नेमका हाच भेद मांडला. ख्रिस्ती धर्म काळाच्या अंगाने विचार करतो: एक घटना घडली, ती साऱ्या मानवजातीसाठी घडली, तिची वार्ता कुठेही नेता येते. मूळ अमेरिकनांचे धर्म जागेच्या अंगाने विचार करतात: हा डोंगर, हे तळे, इथे हे घडते. डेलोरियांनी कोकण पाहिले नव्हते, पण गाऱ्हाणे ऐकून वाढलेल्या वाचकाला त्यांचे म्हणणे समजावून सांगावे लागत नाही.

पोर्तुगीजांनाही ते समजले होते, आणि गोव्यात त्यांनी घाव घातला तो बरोबर या सांध्यावर. १५२६ मध्ये आफोन्सो मेशिया या त्यांच्या अधिकाऱ्याने गावकरीचे रीतिरिवाज लिहून काढले. गावची जमीन गावकऱ्यांची सामायिक, तिच्या उत्पन्नातून देवळाचा, भटाचा, वाजंत्र्याचा वाटा निघतो, ही व्यवस्था त्यांनी नीट समजून घेतली. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडण्यात आली आणि १५४१ मध्ये त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आले. १५४३ मध्ये बारदेश आणि साष्टी हे तालुके त्यांच्याकडे आले. १५५९ च्या हुकमाने हिंदूंची पोरकी मुले पाद्र्यांच्या हवाली होऊ लागली. १५६० मध्ये इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय बसले, १५६७ मध्ये साष्टीतली शेकडो देवळे जमीनदोस्त झाली. इन्क्विझिशनचा मुख्य रोख बाटलेल्यांवर होता, कारण बाटूनही ते जुने सोडत नव्हते. किती सोडत नव्हते याचा पुरावा इन्क्विझिशननेच ठेवला आहे. १७३६ च्या त्याच्या हुकूमनाम्याने ख्रिस्ती घरांच्या अंगणात तुळस लावायला आणि लग्नात जुन्या पद्धतीची गाणी म्हणायला बंदी घातली. धर्मांतराला तोवर दोनशे वर्षे होत आली होती. बंदी त्याच गोष्टीवर येते जी चालू असते. नाव, प्रार्थना, भाषा बदलूनही अंगणाची जागा आपला देव धरून बसली होती.

इथे सर्वांत जोरकस आक्षेप येतो आणि तो आपल्याच इतिहासातून येतो. देव जागेला इतका बांधलेला असेल तर मंगेश कुशस्थळीहून झुवारी ओलांडून प्रियोळला कसा आला? केळशीची शांतादुर्गा कवळ्याला कशी बसली? दिवाडी बेटावरच्या सप्तकोटेश्वराचे लिंग नदीपलीकडे डिचोलीत नेले, १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने बांधले, आणि आज तिथे कोणाला काही उणे वाटत नाही. देव हलले, टिकले, वैभवाला चढले. मग जागेचे महत्त्व ते काय राहिले? या आक्षेपाला तीन उत्तरे आहेत. एक, हललेले देव आपली जुनी जागा विसरले नाहीत. फातर्प्याची शांतादुर्गा आजही कुंकळ्ळीकरीण आहे आणि दरवर्षी कुंकळ्ळीच्या बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, छत्र्या तिच्या मूळ गावाहून वाजतगाजत फातर्प्याला जातात. दोन, जे हलले ते मूर्ती असलेले, महाजन असलेले, नाव-पालखीचा खर्च पेलणारे देव. वारूळ होडीत घालता येत नाही. सीमेवरचा देवचार, तळ्याकाठची सात आसरांची जागा, देवरहाटी यांना पालखी नव्हती. त्यांचे काय झाले याची बखर कोणी लिहिली नाही. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, देव जिथे गेला तिथे त्याला ओळखणारा शेजार होता. अंत्रुज आणि डिचोली हे मुलूख आदिलशाही अंमलाखाली होते, मुसलमान सुलतानाचे होते, तरी तिथल्या गावांना शांतादुर्गा कोण हे सांगावे लागले नाही. सासुरवाशीण एका गावाहून दुसऱ्या गावी जाते आणि तिथलीच होते तसे हे झाले. दोन्ही घरांची रीत एक होती म्हणून ते जमले.

अमेरिकेत नदीपलीकडे असे अंत्रुज फार थोड्यांना मिळाले. तिथे आधी रोग पोचले. देवी, गोवर, इन्फ्लुएंझा यांच्याशी त्या लोकांच्या शरीरांची कधी गाठ पडली नव्हती. पहिल्या दीडेकशे वर्षांत पुष्कळ प्रदेशांत दहातली नऊ माणसे गेली, असा अंदाज बऱ्याच अभ्यासकांनी केला आहे. कोकणी माणसाच्या अंगात या रोगांची जुनी ओळख होती, म्हणून गोव्यात देवळे पडली तरी गावे ओस पडली नाहीत. देव न्यायचा तर तो उचलणारे खांदे लागतात. तिथे खांदेच उरले नाहीत. जे उरले त्यांच्या स्मृतीवर हल्ला झाला. युकातानमधल्या मानी गावी १५६२ च्या जुलैत दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने माया लोकांच्या मूर्ती आणि पोथ्या जाळल्या. पुढे उत्तरेत, १८३० च्या स्थलांतराच्या कायद्यानंतर, चेरोकी लोकांना पायी चालताना जीव घेण्याइतके अंतर पश्चिमेला हाकलले गेले. १८३८-३९ च्या त्या प्रवासात हजारो माणसे मेली. जिथे पोचले तिथल्या डोंगराला त्यांचे नाव ठाऊक नव्हते आणि त्यांना डोंगराचे. कोकणाची तुलना अमेरिकेशी करायची ती दुःखाची बरोबरी लावण्यासाठी करू नये. ती यासाठी करावी, की आपल्याकडे जे थोडक्यात बचावले त्यावरून तिकडे काय बुडाले ते मोजता येते.

दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे. जागेच्या या देवांचे राज्य एवढे न्यायाचे होते का? सेपुलवेदाचा लास कासासविरुद्ध मोठा मुद्दा नरबळीचा होता: जे लोक माणसे बळी देतात त्यांच्यावर राज्य करणे हे उपकारच. आपल्याकडे आल्बुकर्कने गोवा घेताच सती बंद केली, हे त्याच्या बाजूने सांगितले जाते आणि ते खरे आहे. शिवाय गावऱ्हाटीत प्रत्येकाचा मान ठरलेला, म्हणजे प्रत्येकाचा अपमानही ठरलेला. ज्याच्या हातून ढोल वाजला पाहिजे त्याने पायरी चढता कामा नये, अशी ही व्यवस्था. अशा देवाची जागा गेली तर कोणाचे काय बिघडले, असे तिच्या पायरीखाली उभ्या राहिलेल्या माणसाने विचारले तर तो प्रश्न उद्धट नाही. पण त्याचे उत्तर जिंकणाऱ्याच्या बाजूने जात नाही. वाईट प्रथा थांबवण्याचा अधिकार आणि जमीन घेण्याचा अधिकार हे दोन वेगळे अधिकार आहेत. पहिला मान्य केला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. आणि ज्यांना अन्यायातून सोडवायचे म्हटले त्यांना सोडवले का, हेही पाहावे. गोव्यात बाटलेला बामण बामणच राहिला, चारडो चारडोच आणि सुदीर सुदीरच. त्यावर गोऱ्या पाद्र्यांची एक नवी उतरंड चढली. दिवाडी बेटावर जन्मलेला मातेउश द काश्त्रो हा ख्रिस्ती ब्राह्मण तिला आपटला. गोव्यात त्याला पाद्री करून घेईनात, म्हणून तो थेट रोमला गेला, तिथे दीक्षा घेतली आणि १६३७ मध्ये बिशप झाला. परत आल्यावर पोर्तुगीजांनी त्याचा अधिकार मानला नाही. पोपने नेमलेला हा बिशप पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशहाच्या डिचोलीत राहिला. जिथे देवांनी आसरा घेतला होता त्याच मुलखात. सत्य हे जमिनीच्या मालकीचे खत ठरले की ते सत्य स्वीकारणाऱ्यालाही मालक भागीदार करून घेत नाही, याचा याहून स्वच्छ दाखला नको. उलट १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी जुने देव सोडले ते स्वतःच्या विवेकाने सोडले. कोणाची जमीन त्यापायी गेली नाही, कोणाच्या मुलाला कोणी उचलून नेले नाही. जागेच्या देवाला नकार देण्याचा हक्क त्या जागेवर राबलेल्या माणसाचा आहे. तो बाहेरून आलेल्या धन्याला उसना घेता येत नाही.

तिसरा आक्षेप वरकरणी सौम्य आहे. शेवटी सगळे मिसळलेच की. मेक्सिकोत तेपेयाक टेकडीवर जिथे तोनांत्सिन मातेची पूजा होई तिथेच १५३१ मध्ये ग्वादालुपेची मारिया प्रकटली असे भाविक मानतात, आणि आज ते ठिकाण अमेरिका खंडातल्या मोठ्या तीर्थांपैकी एक आहे. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला हिंदू तेल वाहतात आणि शिरगावची लईराई तिची बहीण, असे दोन्ही धर्मांचे लोक सांगतात. कुंकळ्ळीच्या छत्र्यांच्या वारीत ख्रिस्ती वांगडांचा मान आहे. १५८३ मध्ये याच गावाने पाच जेजुइट पाद्री मारले; नंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला असोळण्याला बोलावून कापून काढले आणि गावाची जमीन जप्त करून एका सरदाराच्या घशात घातली. त्या गावात आज हे घडते यातले मोल मला कमी करायचे नाही. पण हे मिसळणे जिंकणाऱ्याची देणगी नव्हे. जागेच्या देवाने नव्या नावाखाली आपली वहिवाट राखली, याचा तो पुरावा आहे. आणि यातच आजच्या एका मागणीचे उत्तर आहे. गोवा सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांच्या जीर्णोद्धारासाठी २० कोटी रुपये ठेवले, तेव्हापासून जिथे आता चर्च आहे तिथली जागाही परत घ्यावी असा सूर अधूनमधून ऐकू येतो. जागेचा हक्क मानला तर हे ओघाने येत नाही का? येत नाही. जागेचा हक्क म्हणजे त्या जागेशी पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार ठेवणाऱ्यांचा हक्क. गोव्यातला किंवा सावंतवाडीतला ख्रिस्ती माणूस पोर्तुगीज नव्हे. ज्याच्यावर हे सगळे झाले तोच तो मूळ रहिवासी आहे. साडेचारशे वर्षे त्याच्या मेलेल्यांना त्या मातीत पुरले आहे. रस्त्याकडेच्या क्रुसाला तो मेणबत्ती लावतो तेव्हा जाता जाता हिंदू शेजारीही लावतो, कारण दोघांच्याही लेखी तो त्या वळणाचा राखणदार आहे. त्याला उठवणे म्हणजे सत्य ज्याच्याकडे त्याची जमीन हेच समीकरण नव्या हाताने पुन्हा मांडणे.

उरतो तो तत्त्वज्ञाचा आक्षेप. देव सर्वत्र आहे हे तर आपल्या संतांनीही सांगितले. मग एका वारुळाचा, एका डोंगराचा हट्ट हा अज्ञानाचाच नव्हे काय? पण तीच संतमंडळी वर्षातून दोनदा पंढरीची वाट चालत होती. विठ्ठल सर्वत्र आहे हे सांगणाऱ्याला पंढरपूर अनावश्यक वाटले नाही, यात विसंगती नाही. देव कुठे असतो हा एक प्रश्न, आणि माणसाला तो कुठे भेटतो हा दुसरा. सर्वव्यापी देवाचे तत्त्वज्ञान पहिल्याचे उत्तर देते. दुसऱ्याचे उत्तर नेहमी कुठल्यातरी ठिकाणाचे नाव असते. जेरुसलेम, मक्का, बोधगया ही नावे याचीच साक्ष देतात. विश्वधर्मांनाही जागा लागते. फरक इतकाच की त्यांची जागा दूर असली तरी त्यांचे चालते, आणि ज्यांचे दूर राहून चालत नाही त्यांना ते मागासलेले म्हणतात.

हा फरक ज्या कायद्याला कळत नाही तो कायदा सहिष्णू असूनही अन्याय करतो. गोव्यात तरी सहिष्णुतेने पुष्कळ साधले. इन्क्विझिशन १७७४ मध्ये काही वर्षे बंद पडले, १८१२ मध्ये कायमचे गेले. १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पेडणे महाल पोर्तुगीजांकडे आला तेव्हा रयतेच्या धर्माला आणि रीतिरिवाजांना हात न लावण्याचे धोरण होते, म्हणून तिथली देवळे जागच्या जागी उभी आहेत. राज्यकर्ते तेच, धर्म तोच. समीकरण सैल झाले आणि देव वाचले. पण सहिष्णुता पुरेशी नसते. दक्षिण डकोटातले ब्लॅक हिल्स लकोटा लोकांना १८६८ च्या तहाने कायमचे दिले होते. सोने सापडले आणि १८७७ मध्ये ते काढून घेतले गेले. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अन्याय झाल्याचे मान्य करून व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. लकोटांनी आजवर ती घेतलेली नाही. त्यांच्यात गरिबी इतकी आहे की हा नकार बाहेरच्यांना वेडेपणा वाटतो. पण ज्याची किंमत घेतली ते विकले असे होते, आणि हे डोंगर त्यांच्या लेखी विकायची वस्तू नव्हेत. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या युरोक, कारुक आणि तोलोवा जमातींच्या पवित्र डोंगराळ भागातून सरकारी रस्ता नेण्याचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला. रस्त्याने त्यांच्या धर्माचे अपरिमित नुकसान होईल हे न्यायालयाने गृहीत धरले, तरी कोणाच्या श्रद्धेवर जबरदस्ती होत नाही आणि जमीन सरकारची आहे, म्हणून राज्यघटना आड येत नाही असा निकाल दिला. श्रद्धा मनात, जमीन सरकारजमा. पोपच्या फर्मानातले सत्य गळून गेले, जमिनीचा निकाल तेवढा राहिला.

भारताने या बाबतीत एकदा तरी वेगळी वाट धरली. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण काढायची होती. डोंगरिया कोंधांचा नियमराजा त्याच डोंगरात राहतो. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की खाणीचा त्यांच्या धार्मिक हक्कांवर काय परिणाम होतो हे तिथल्या ग्रामसभांनी ठरवावे, आणि त्या उन्हाळ्यानंतर बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. डोंगर सरकारी की खाजगी हा वाद न्यायालयाने मध्ये आणला नाही. ज्यांचा व्यवहार त्या जागेशी आहे त्यांना विचारा, एवढेच म्हटले. मला वाटते, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या दिशेला आहे. जागेचा हक्क मालकीहक्काहून वेगळा आहे. तो विचारले जाण्याचा आणि नकार देण्याचा हक्क आहे, आणि तो श्रद्धास्वातंत्र्याचाच भाग मानला पाहिजे. त्यात अडचणी आहेत. गावाच्या नावाने बोलणारा कोण, पायरीखालच्याचे मत त्यात धरले जाते का, धरणाचे पाणी लागणाऱ्या पुढच्या तालुक्याचे काय, हे प्रश्न प्रत्येक वेळी सोडवावे लागतील. तिलारीच्या धरणाखाली दोडामार्ग तालुक्यातली गावे गेली तेव्हा घरादारांचे पुनर्वसन झाले, सातेरीचे कोणत्या रकान्यात लिहायचे हे सरकारी नमुन्यात नव्हते. सह्याद्रीच्या कुशीतल्या लोहखनिजासाठी गावांचे डोंगर मागितले जातात तेव्हाही तो रकाना रिकामाच असतो. हे करणारे राज्यकर्ते परके नाहीत आणि कोणाला बाटवत नाहीत. म्हणूनच हा प्रश्न पोर्तुगीजांवर ढकलून मोकळे होता येत नाही. काब्रालच्या ताफ्याने आणलेल्या दोन कल्पनांपैकी एक आपण फेकून दिली: आमचाच देव खरा म्हणून तुमची जमीन आमची. दुसरी मात्र आपण न बोलता ठेवून घेतली: देव कुठेही ठेवता येतो, तेव्हा जमीन आधी मोकळी करा. तुपींचा, लकोटांचा किंवा कुंकळ्ळीकरांचा इतिहास वाचून हळहळणाऱ्याने ही दुसरी कल्पना सोडायची तयारी ठेवली नाही, तर त्या हळहळीला काही अर्थ राहत नाही.